पुण्यात पाणी अठ्ठ्याण्णवला उकळतं

६ नोव्हेंबर

मोठा जी वेगळा आणि लहान जी वेगळा! गुरुत्वाकर्षणाचं एवढं डोक्यात शिरायला अख्खा आठवडा गेला. शेवटी शरच्चंद्र सर वैतागून म्हणाले, "पोपटराव, मोठा जी सगळ्या विश्वाचा. लहान जी ज्या त्या गावाचा." हे मात्र बसलं.

लहान जी पृथ्वीवर नऊ पूर्णांक आठ. चंद्रावर त्याचा सहावा हिस्सा. उंच डोंगरावर किंचित कमी. मोठा जी मात्र कुठेही जा, तोच. खडकवासल्यात तोच, सूर्यावर तोच. म्हणून त्याला स्थिरांक म्हणायचं. मी विचारलं, "आणि उद्या बदलला तर?" सर म्हणाले, "बदलला तर तुमची परीक्षा रद्द होईल. झोपा निवांत."

सर आमच्याच सोसायटीत तळमजल्याला राहतात. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. फी घेत नाहीत, टोमणे मारतात.

९ नोव्हेंबर

आज जया सुनेवरून पुन्हा तेच बोलली. "शिकवा, शिकवा. शिकली की चालली ती. मग घरात कोण?"

मला काय कळत नाही का! सून प्रियदर्शनी एका दवाखान्यात आया म्हणून काम करते. तिथले लोक म्हणाले, दहावी पास व्हा, लॅबमध्ये घेतो. पण जागा नाशिकच्या नव्या शाखेत. राहायला खोली देणार. म्हणजे सून जाणार आणि तिच्याबरोबर नात दीक्षाही जाणार. दीक्षा गेली की जया कोलमडेल. सगळी काळजी तिला त्या पोरीचीच.

पण आमच्या मुलाला, संजयला, जाऊन तीन वर्षं झाली. आम्ही म्हातारे किती पुरणार? उद्या मी गेलो, जया गेली, मग ही आयुष्यभर लोकांची बेडपॅन उचलत बसणार का? मी हे जयाला बोललो नाही. बोललो असतो तर ती म्हणाली असती, तुम्हाला मरायचीसुद्धा आधीपासून काळजी.

प्रियदर्शनीची दहावी विज्ञानात राहिली होती. पुन्हा बसायला तयार होईना. "सोळा वर्षांच्या पोरांत मी एकटीच बाई, आबा. लाज वाटते." म्हटलं, मी येतो बरोबर. मीही आठवीवरच सुटलो होतो. तेव्हा तिने पुन्हा बसायचा फॉर्म भरला आणि मी बाहेरून बसायचा, सतरा नंबरचा. सोसायटीत हसले लोक. हसू देत.

१७ नोव्हेंबर

सरांनी थर्मामीटर आणला. म्हणाले, उकळबिंदू पुस्तकात वाचू नका, डोळ्यांनी बघा. स्वयंपाकघरात गेलो तर जया आडवी आली.

"अहो, माझ्या चहाच्या पातेल्यात ती काचेची नळी नको. फुटली की पारा सगळ्यांच्या पोटात."

"वहिनी, पारा नाही त्यात. अल्कोहोल आहे."

"मग तर अजिबातच नको."

शेवटी दीक्षाच्या दुधाचं जुनं पातेलं मिळालं. पाणी खळाखळा उकळायला लागलं आणि नळीतली लाल रेघ थांबली अठ्ठ्याण्णवच्या जरा पुढे. पुस्तकात तर शंभर! मी म्हटलं, सर, तुमचं यंत्र बिघडलं. सर म्हणाले, "यंत्र ठीक आहे. पुणे समुद्रापासून उंचावर आहे. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी आधीच उकळतं. इथली माणसं लवकर तापतात, पाण्याचं काय घेऊन बसलात!"

प्रियदर्शनी खुदकन हसली. किती दिवसांनी!

पण माझी झोप गेली. शंभर हे शंभर नाही. लहान जी गावोगावी वेगळा. मग धरायचं काय?

१८ नोव्हेंबर

सरांना जिन्यातच गाठून तेच विचारलं. ते म्हणाले, "उकळबिंदू स्थिरांक नाहीच. तो परिस्थितीवर अवलंबून. खरे स्थिरांक थोडे. गुरुत्वाचा, प्रकाशाच्या वेगाचा, प्लांकचा, आणखी काही. बाकी सगळं त्यांच्या हिशोबाने चालतं."

थोडे आहेत. पण आहेत! बरं वाटलं. टाकीचं पाणी कधी येईल सांगता येत नाही, रिक्षावाला कर्वेनगरला येईल की नाही सांगता येत नाही. पण प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जाणार. आजही, उद्याही.

५ डिसेंबर

आज जे ऐकलं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

मी कसबा पेठेत रावसाहेबांच्या कारखान्यात वजनं बनवायचो. वजनाच्या बुडाला भोक, त्यात शिसं भरायचं, ठोकायचं, कानशीने घासायचं. मग सरकारी माणूस त्याच्या पितळी वजनाशी ताडून शिक्का मारणार. त्याचं वजन वरच्या कचेरीतल्या वजनाशी ताडलेलं, ते दिल्लीच्या, आणि दिल्लीचं फ्रान्समधल्या एका धातूच्या ठोकळ्याशी. तो ठोकळा म्हणजे एक किलो. बास. रावसाहेब त्याचं नाव घेताना हात जोडायचे.

सर आज सहज म्हणाले, "तो ठोकळा आता रिटायर झाला, माझ्यासारखा."

म्हणजे? तर त्याच्या बरोबरीने बनवलेल्या जोडीदारांशी ताडला तेव्हा फरक निघाला. शंभर वर्षांत पापणीच्या एका केसाएवढा. कोण घटला, कोण वाढला, कळायला मार्ग नाही. कारण तोच किलो! म्हणून जगातल्या शास्त्रज्ञांनी ठरवलं, आता किलो ठोकळ्यावर ठेवायचा नाही. प्लांकचा स्थिरांक पक्का धरायचा आणि त्यावरून किलो काढायचा. झिजायला वस्तूच नाही.

मी विचारलं, "मग आम्ही बनवलेली वजनं खोटी?"

"छे हो. तुमच्या बटाट्यांना काही फरक पडणार नाही."

घरी येऊन जयाला सांगितलं. ती म्हणाली, "फ्रान्सच्या ठोकळ्याचीही काळजी आता तुम्हीच करा."

२० डिसेंबर

सर लेकीकडे बंगळुरूला गेले, तीन आठवडे येणार नाहीत. जाताना म्हणाले, "गुरुत्वाकर्षणाची गणितं सोडवून ठेवा. तुम्ही मोठे आहात, लक्ष ठेवा."

ठेवणार! आता मला बरंच येतं.

२७ डिसेंबर

मोठ्या जीवरून लहान जी काढायचं गणित. मोठा जी गुणिले पृथ्वीचं वस्तुमान, भागिले त्रिज्येचा वर्ग. दहाचे घात सोडले तर आकडे असे: सहा पूर्णांक सदुसष्ट, सहा, आणि खाली सहा पूर्णांक चारचा वर्ग.

दशांश मला जमत नाहीत. पण कारखान्याची रीत आहे ना! रावसाहेब म्हणायचे, वजन केसभर जास्त चालेल, केसभर कमी चालणार नाही. गिऱ्हाईक नागवलं जाता कामा नये. तेव्हा सगळं वरच्या आकड्याला नेलं. सहा पूर्णांक सदुसष्टचे सात. सहाचे सहा. सहा पूर्णांक चारचे सात. झटक्यात उत्तर. साडेआठ!

पुस्तकात मागे उत्तर नऊ पूर्णांक सत्त्याहत्तर. मी सगळं जास्त धरलं, माझं उत्तर कमी कसं येईल? उघड आहे, पुस्तकात छपाईची चूक. प्रियदर्शनीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "हो आबा."

तिनेही माझ्याच रीतीने सोडवलं. मग आम्ही उरलेली सगळी गणितं त्याच रीतीने उडवली. मंगळ, चंद्र, सगळे! सर आले की खूश होतील.

११ जानेवारी

सर आले. खूश झाले नाहीत.

आधी हसले. इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "पोपटराव, ही काय मंडई आहे? वर जास्त घातलं तर उत्तर वाढतं. खाली जास्त घातलं की कमी होतं. तुम्ही भागाकारात गिऱ्हाइकाला दान देत होता, आणि पृथ्वीला काट्यात मारत होता!"

मग प्रियदर्शनीचे कागद बघितले. तिची सगळी उत्तरं माझ्यासारखीच चुकीची. सरांचं हसू गेलं. त्यांनी तिला तिथेच एक गणित घातलं. तिने दशांश धरून, न अडखळता, बरोबर सोडवलं.

"तुला येत होतं?"

"हो."

"मग हे असं का लिहिलंस?"

तिने कागद उलटा ठेवला. मग हळूच म्हणाली, "आबा सांगत होते म्हणून."

जेवण गेलं नाही. चूक माझी, ते सोडा. आयुष्यात पुष्कळ चुकलो. पण ही पोरगी बरोबर उत्तर पोटात ठेवून दोन आठवडे माझं चुकीचं लिहीत होती! पेपरात असंच केलं तर? दवाखान्यात कुणा डॉक्टरने चुकीचं सांगितलं तर? आणि आम्ही म्हटलं, जाऊ नको नाशिकला, तर ही म्हणणार, हो आबा.

१२ जानेवारी

जेवताना जाहीर केलं. रोज रात्री प्रियदर्शनीने माझी एक चूक सांगायची. सांगितल्याशिवाय ताटावरून उठायचं नाही.

जया म्हणाली, "एकच?"

प्रियदर्शनी लाल झाली. बराच वेळ भाकरी चिवडत बसली. मग म्हणाली, "आबा, तुम्ही चहा पिताना फार आवाज करता."

दीक्षा टाळ्या पिटायला लागली. मीही हसलो. सुरुवात तर झाली!

१९ जानेवारी

आजची चूक: मी तिचा मोबाइल वाजला की कुणाचा आहे विचारतो. बरोबर आहे. विचारतो.

२ फेब्रुवारी

आज मला सोडून गाडी जयाकडे वळली. "आई, भाजीत मीठ कमी आहे." जयाचा हात हवेतच थांबला. मी ताटात बघत बसलो. जया उठली, मिठाची बरणी आणली आणि सुनेच्या ताटाशेजारी ठेवली.

मला वाटलं, आता भांडण. पण जया भांडी घासताना गुणगुणत होती. बायकांचं काही कळत नाही.

१५ फेब्रुवारी

परीक्षा तोंडावर. हॉलतिकीट तीन ठिकाणी जपून ठेवलं आणि मग कुठे ठेवलं ते आठवेना. अख्खं घर उलटंपालटं केलं. फ्रिजवर सापडलं. जया बघत उभी होती. "पेपरापेक्षा तुम्हीच मोठी परीक्षा," म्हणाली.

विज्ञानाची मात्र भीती नाही. लहान जी, मोठा जी, प्रकाशाचा वेग, बर्फाची अप्रकट उष्णता, सगळं पाठ. आणि कुठे काय वापरायचं तेही. काच दिली, तिचा अपवर्तनांक दीड दिला, की प्रकाशाच्या वेगाला दीडने भागायचं. काचेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर. इतकं सरळ! पूर्वी काचेतून बघायचो, आता काचेत बघतो.

२२ फेब्रुवारी

आज प्रियदर्शनीने आमच्या दोघांच्या तोंडावर सांगितलं.

"आबा, आई, मी पास झाले तर नाशिकला जाणार. दीक्षाला घेऊन. तुम्ही नाही म्हणालात तरी जाणार."

मी जयाकडे बघितलं नाही. बघवलं नसतं. जया फक्त म्हणाली, "आधी पास हो."

६ मार्च

विज्ञानाचा पहिला पेपर!

वर्गात शिरलो तर पर्यवेक्षक धावत आले. "आजोबा, पालकांनी गेटबाहेर थांबायचं." हॉलतिकीट दाखवलं. त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला. "बसा. पाणी लागलं तर सांगा." सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. प्रियदर्शनी पलीकडच्या रांगेत होती. तिच्याकडे कुणी बघितलंच नाही! माझा तेवढा तरी उपयोग झाला.

उपग्रहाचं गणित आलं. दशांश धरून केलं. वरच्या आकड्याला काही नेलं नाही. एका क्षणी हात सात लिहायला गेला, आवरला.

बाहेर आल्यावर तिला विचारलं, कसा गेला? ती म्हणाली, "आबा, तुम्ही काय लिहिलं ते मला सांगू नका. माझं बरोबर आहे."

वा!

१४ एप्रिल

जयंती. चौकात सकाळपासून निळे झेंडे. जयाने खीर केली, सरांनाही दिली. गोड कमी आहे म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

१३ मे

निकाल.

दुपारी एक वाजता मोबाइलवर लागणार होता. सर बाराच वाजता येऊन बसले. मी तीनदा गॅलरीत जाऊन आलो. साइट उघडेना. जया म्हणाली, "तुम्ही श्वास सोडा, मग उघडेल."

प्रियदर्शनी पास! विज्ञानात एकाहत्तर! सर उठून उभे राहिले आणि तिच्याशी हात मिळवला, जसा मोठ्या माणसाशी मिळवतात तसा. ती आधी माझ्या पाया पडायला वाकली. मी म्हटलं, सरळ उभी राहा.

मग माझा निकाल. विज्ञानात चौसष्ट! इंग्रजीत अठ्ठावीस. नापास.

सर म्हणाले, "जुलैत पुन्हा बसता येईल. इंग्रजीत स्थिरांक नसतात, तुमचं जमणं कठीण आहे." मी हसलो. खरंच हसलो. मला वाटलं होतं वाईट वाटेल. सत्तरी उलटल्यावर विज्ञानात चौसष्ट म्हणजे काय गंमत आहे? बसणार जुलैत!

जया कुठे गेली बघितलं तर आत पलंगावर बसली होती, हात मांडीवर ठेवून. मी म्हटलं, "रडू नको. दिवाळीला येतील. आपण जाऊन राहू मधूनमधून." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा गॅलरीत गेलो.

२८ मे

नाशिकचं पत्र आलं. १५ जूनला हजर व्हायचं. प्रियदर्शनीने स्वतः फोन करून खोलीचं विचारलं. दोन खोल्या, पाणी दिवसातून दोनदा, शाळा चालत जाण्याजोगी. मी विचारायच्या आधी तिने सगळं विचारलं होतं. मला विचारायला काही उरलंच नाही.

काळजी एकच. जयाचं कसं होणार? तिला कशात तरी गुंतवलं पाहिजे. सरांना म्हटलं, तिलाही दहावीला बसवू या. सर म्हणाले, "त्यांना विचारलंत का?"

विचारीन.

१० जून

सामान बांधणं चालू आहे. दीक्षा खोक्यात बसून खेळते. नाशिकही उंचावरच आहे, म्हणजे तिथेही पाणी शंभरच्या आधीच उकळणार. प्रियदर्शनीला सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे आबा. उंची बघितली मी, तुमच्या आधी." पोरगी तयार झाली. मी हे केलं, असं म्हणायला हरकत नाही. सरांनी आणि मी.

जयाला मी सांभाळीन. सकाळी दोघं फिरायला जाऊ. ते ठरवून टाकलं आहे.

१३ जून

जयाने आज बॅग भरली. मला वाटलं, पोहोचवून दोन दिवसांत येणार असेल. बघितलं तर तिच्या सगळ्या साड्या, स्वेटर, चष्म्याची जुनी डबी. म्हटलं, एवढं कशाला?

"मी तिकडेच राहणार आहे. दीक्षाला कुणी नको का शाळेतून आणायला? प्रियदर्शनी सहा महिन्यांपासून विचारते आहे मला, या म्हणून."

सहा महिने! "मग आधी तू तिला शिकू नको का म्हणत होतीस?"

ती साडीची घडी घालत राहिली. "तेव्हा तिने मला बोलावलं नव्हतं. त्या दोघीच गेल्या असत्या तर घरात तुम्ही आणि मी. उभा जन्म तुमची काळजी ऐकली. आता जरा नातीची बडबड ऐकते."

परत कधी, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.